वर्धा येथील १९३८ चा निर्णय व पक्षघटनेतील ‘जातीय’ हा शब्द

डिसेंबर १९३८ मध्ये वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने हिंदुमहासभा व मुस्लिम लीग या दोन्ही संस्था पक्षघटनेच्या अर्थाने जातीय होत, असा निर्णय दिला. घटनेतील संबंधित कलमाचा रोख कोणाच्या धर्मश्रद्धेवर नव्हता. जातीय संस्थेच्या समितीवर असणाऱ्यास काँग्रेसच्या निर्वाचित समितीवर राहता येऊ नये, एवढेच त्याचे क्षेत्र. प्राथमिक सभासदत्वास त्याने स्पर्श केला नाही. मात्र संस्थेचे कार्य राष्ट्रविरोधी आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कार्यकारिणीने स्वतःकडेच ठेवला, आणि नियमाचे खरे दौर्बल्य येथेच होते. मराठीत ‘संप्रदाय’ शब्दास वारकरी परंपरेमुळे आदराचा अर्थ असल्याने ‘जातीय’ हाच पर्याय रूढ झाला. त्यात जात व धर्म यांची गल्लत झाली, हे नाकारता येत नाही. त्याच वर्षी जुलैत मध्यप्रांताचे मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांच्या प्रकरणाचा विचारही वर्ध्यासच झाला; तो शुद्ध शिस्तीचा प्रश्न होता. (हेच खरे पुढे १९४९ मध्ये हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले.) ज्यांच्या सान्निध्यासाठी कार्यकारिणी वारंवार वर्ध्यास येई, ते गांधीजी १९३४ पासून काँग्रेसचे प्राथमिक सभासदही नव्हते.