मोफत गणवेशाचे माप

आपल्या रायगड जिल्ह्यासह महाराष्ट्रातील सरकारी शाळांत मोफत गणवेशाचे काय झाले, ते वाचकांसाठी नोंदवीत आहोत. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच गणवेश घेई. एका जोडास 300 रुपये मिळत. 2024 साली सरकारने कापडखरेदी आपल्या हाती घेतली व शिलाई महिला बचत गटांना दिली, नगामागे 100 रुपये. आमच्या मते खोट त्या बायांची नव्हे. गावचा शिंपी मुलाला समोर उभे करून फीत लावतो. येथे ठराविक मापे! एकाच वर्गात एक पोर धष्टपुष्ट, दुसरे काडी. गणवेश आले तेही उशिरा. कुणाला सैल, कुणाला तोकडे, कुठे शिवण उसवलेली. अखेर डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरविला आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा समित्यांकडे आले.