सनई, क्लॅरिओनेट आणि आपण

मंगल प्रसंगी सनई वाजविणे हा आपल्यापैकी कित्येक घराण्यांचा पिढीजात व्यवसाय. पुढे लग्नकार्यात बँड आला आणि त्याच हातांत क्लॅरिओनेट आले. हे वाद्य सुमारे १७०० साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे डेनर नामक कारागिराने सिद्ध केले. सनईस दुहेरी पाती. याच्या मुखनळीस एकेरी. जोर देऊन फुंकल्यास सनईचा स्वर एक सप्तक चढतो, क्लॅरिओनेटचा सप्तक ओलांडून थेट वरच्या पंचमावर जातो. म्हणूनच यास इतक्या चाव्या लागतात.

चाव्यांच्या रचना मुख्यतः दोन. पॅरिसच्या क्लोझे व ब्यूफे यांनी १८३९ साली मांडलेली रचना युरोपच्या अभिजात संगीतात बहुतेक ठिकाणी रूढ झाली. न्यू ऑर्लीन्सच्या सिडने बेशेसारख्या जॅझवादकांनी मात्र जुनी अल्बर्ट पद्धती पसंत केली. तीत भोकावरून बोट सरकवून स्वर ओढणे सोपे जाते.

मुखनळीचेही तसेच. फट अरुंद व पाती कडक, तर स्वर बांधीव. फट रुंद व पाती मऊ, तर स्वर लवतो. परंतु सुरात राखण्यास ओठ कसलेला हवा.

शाहू छत्रपतींच्या आश्रयास असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी या करवीर नगरीने ऐकली आहे. मींडीवाचून तिला राग कसा रुचावा? म्हणून आम्ही तरुणांस सुचवितो की, वाद्याची झिलई पाहून मोल करू नये. आधी मुखनळी ओठी लावून मींड निघते का, हे पाहावे. सनई हातची गेली, तरी तिची गायकी जाऊ देऊ नये.