मुरारचा मलबा पुन्हा काँक्रीटमध्ये : काय चालतं, काय चालत नाही

मुरार (ग्वाल्हेर) : जुनं घर पाडलं की पहिला प्रश्न मलब्याचा. महाराष्ट्रात ज्याला राडारोडा म्हणतात, तोच हा मलबा. ट्रॉली भरायची आणि नाल्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर रिकामी करायची, ही सगळीकडचीच सोपी वाट. पण हाच मलबा नीट वेगळा केला तर नव्या बांधकामात खडी म्हणून वापरता येतो.

मलबा एकसारखा नसतो

मुरार ही इंग्रजांची जुनी छावणी. १८८६ मध्ये ती शिंदे सरकारकडे परत आली. ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार या तिन्ही भागांतल्या जुन्या घरांत वालुकाश्म, चुना आणि विटा भरपूर. अनेक छतांवर दगडी पट्ट्या दिसतात. स्लॅब आणि कॉलमची घरं नंतरची. त्यामुळे एकाच गल्लीतून दोन जातींचा मलबा निघतो : एक शुद्ध काँक्रीटचा, दुसरा विटा-चुना-दगडाचा मिसळलेला.

फरक महत्त्वाचा आहे. खडी-वाळूसाठीचे भारतीय मानक आयएस ३८३ हे २०१६ च्या सुधारणेपासून पुनर्वापराच्या खडीला परवानगी देते, पण मर्यादा घालून :

• काँक्रीट फोडून केलेली खडी : साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम २५ ग्रेडपर्यंतच, एम १५ पेक्षा कमी ग्रेडच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के.
• विटा वगैरे मिसळलेली खडी : स्लॅब, बीम, कॉलममध्ये अजिबात नाही, फक्त एम १५ खालच्या कामात.

म्हणजे सरसकट मलबा स्लॅबमध्ये घालणं धोक्याचं आहे.

खडी तयार कशी होते?

आधी लाकूड, प्लास्टिक, माती बाजूला काढतात. मग क्रशरमध्ये तुकडे फोडतात, चुंबकाने सळई वेगळी करतात, चाळणीवर २० आणि १० मिलिमीटरचे माल निवडतात. या खडीला जुनं सिमेंट-वाळूचं मसाला चिकटलेलं राहतं, म्हणून ती नव्या खडीपेक्षा बरंच जास्त पाणी पिते. आधी भिजवली नाही तर ती काँक्रीटमधलं पाणी ओढते आणि माल घट्ट होतो. मग साइटवर वरून पाणी ओतलं जातं आणि ताकद घटते. जिप्समचं प्लास्टर मिसळलं तर त्यातलं सल्फेट काँक्रीटला पुढे तडे पाडू शकतं.

घरगुती हिशेब

हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाड स्लॅब म्हणजे साधारण पावणेबारा घनमीटर काँक्रीट. त्यात तेरा-चौदा टन खडी लागते. २० टक्के बदलली तर अडीच टनांच्या आसपास नवी खडी वाचते. सिमेंट मात्र यात कमी होत नाही, आणि काँक्रीटच्या कार्बनचा मोठा वाटा सिमेंटचाच. खरा फायदा आहे खाणीवरचा भार आणि नदी-नाल्यातला भराव कमी होण्यात.

नियम काय सांगतात?

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टनांहून जास्त किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून जास्त मलबा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि स्टील-लाकूड-प्लास्टिक असं वर्गीकरण करायला सांगितलं. त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम आले असून ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यात पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. दिल्लीत बुराडीचा प्रक्रिया प्रकल्प २००९ पासूनचा. इंदूर-भोपाळातही असे प्रकल्प आहेत.

घर पाडताना काय करावं?

दगडी पट्ट्या आणि शाबूत विटा फोडू नयेत, सरळ पुन्हा वापराव्यात. काँक्रीटचा ढीग विटांपासून वेगळा ठेवावा. विटांचा चुरा पायाखालच्या भरावात जाऊ शकतो. स्लॅबसाठी खडी घ्यायची तर चाचणीचा अहवाल मागावा आणि प्रमाण इंजिनिअरकडून ठरवून घ्यावं. एकदा ढीग मिसळला की निवडायला मजुरी इतकी लागते की कुणी ती करत नाही. म्हणून निवड पाडतानाच व्हायला हवी.