जहाजावरील सुरक्षितता : अपघातापूर्वीची दक्षता

भर समुद्रात जहाज संकटात सापडल्यास बाहेरील मदत पोहोचण्यास बराच अवधी लागतो. त्यामुळे जहाजावरील कर्मचारी व प्रवासी यांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय नियमांचा मुख्य भर पूर्वतयारीवर आहे. १९१२ मधील ‘टायटॅनिक’ दुर्घटनेत सुमारे १,५०० लोकांचा मृत्यू झाला. जहाजावर सुमारे २,२०० जण असताना जीवरक्षक नौकांमध्ये केवळ १,१७८ जणांसाठी जागा होती. त्यानंतर १९१४ मध्ये लंडन येथे सागरी जीवितरक्षणाचा पहिला करार झाला. ‘सोलास’ या नावाने ओळखला जाणारा १९७४ चा करार, वेळोवेळी झालेल्या सुधारणांसह, आज लागू आहे.

प्रवाशांचा सराव

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले व ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच सायंकाळी जहाजावर आलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा सराव झालेला नव्हता. तत्कालीन नियमानुसार त्यासाठी २४ तासांची मुदत होती. एक दिवसाहून अधिक काळाच्या सफरीसाठी १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे अनिवार्य आहे. भोंग्याचे सात किंवा अधिक लघु स्वर व त्यानंतर एक दीर्घ स्वर, हा धोक्याचा इशारा असतो. तो ऐकताच प्रवाशांनी नेमून दिलेल्या ठिकाणी एकत्र यावयाचे असते.

बंदिस्त जागेतील धोका

कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने टाक्या व मालाचे बंद कप्पे विशेष घातक ठरतात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. परंतु गंजणारे लोखंड, कोळसा किंवा लाकूड तो शोषून घेतात. त्याची उणीव डोळ्यांना दिसत नाही व नाकाला जाणवत नाही. आत बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला वाचविण्यासाठी तसाच धावून जाणारा खलाशीही अनेकदा प्राणास मुकतो. म्हणून आत जाण्यापूर्वी जागेत हवा खेळती करणे, वेगवेगळ्या खोलीवर हवा तपासणे, लेखी परवानगी घेणे व प्रवेशद्वारापाशी एक व्यक्ती उभी ठेवणे आवश्यक असते. सुटकेसाठी श्वसनयंत्र लावूनच आत जावे लागते. या सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी घेणे २०१५ पासून बंधनकारक आहे.

विश्रांती आणि दक्षता

थकव्यामुळेही अपघात घडतात. सागरी श्रम कराराच्या निकषानुसार नाविकास २४ तासांत किमान १० तास व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे.

लहान प्रवासी नौकांनाही हेच तत्त्व लागू पडते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ नौकेला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गेट वे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या नौकांतील प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे बंधनकारक करण्यात आले. नौका उलटत असताना जाकीट शोधून अंगावर चढविण्यास वेळ मिळत नाही. ते धक्का सोडण्यापूर्वीच घातलेले असावे लागते.