स्वतंत्र भारत पक्ष : राजुऱ्याची एक जागा

गडचांदूर ज्या राजुरा मतदारसंघात येते, त्याने २००४ साली स्वतंत्र भारत पक्षाला महाराष्ट्र विधानसभेतील त्याचा एकमेव आमदार दिला : ॲड. वामनराव चटप.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९९४ मध्ये हा पक्ष स्थापन केला. शेतमालाला खुली बाजारपेठ आणि मर्यादित शासन हा त्याचा विचार; नावात राजाजींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाची आठवण. नोंदणीसाठी पक्षांना समाजवादावर निष्ठा घोषित करावी लागते; या अटीलाच जोशींनी न्यायालयात आव्हान दिले.

परंतु आंदोलनाची गर्दी मतपेटीपर्यंत पोचली नाही. कापसाच्या भावासाठी एकवटलेला शेतकरी मतदानाच्या दिवशी जात, जुना पक्ष आणि गावचा पुढारी यांत विभागला जाई.

राजुरा अपवाद ठरला, तो चटपांमुळे. १९९० मध्येही ते तेथूनच, जनता दलातर्फे, निवडून आले होते. २००९ मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली. २०१५ मध्ये जोशींचे निधन झाले. २०१९ मध्ये चटप सुमारे अडीच हजार मतांनी हरले.

पक्षाचा विचार राज्यभर पोचला होता. त्याला मते मिळवून देणारा माणूस मात्र राजुऱ्यातच होता.