जैसलमेरचा उंट आणि मुंबईचं बंदर

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग वाळूतला आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये उरलेल्या सुट्ट्या संपवायच्या म्हणून पाठीवर सॅक टाकली आणि एकटाच जैसलमेरला गेलो. दोन दिवस किल्ल्यातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, तिसऱ्या दिवशी चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावी उंटावर बसलो. बसण्याआधी घासाघीस करून दीडशे रुपये कमी केले, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटला. हा अभिमान लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

उंटवाले चाचा साठीचे असतील. मी सहज विचारलं, "चाचा, पूर्वी हे उंट कुठपर्यंत जायचे?" त्यांनी मावळतीकडे हात केला आणि एकच शब्द बोलले, "सिंध."

परत आल्यावर मी या एका शब्दाच्या मागे लागलो.

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये लोद्रव्याची राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. पाऊस नाही, नदी नाही, शेती जेमतेम. मग इथे शहर जगलं कशावर? रस्त्यावर! सिंधकडे जाणारे तांडे इथे थांबायचे, पाणी घ्यायचे, जकात भरायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर जैसलमेर हा राऊटर होता. स्वतः फारसं काही पिकवत नव्हता, पण ट्रॅफिक त्याच्यातून जायचा. आणि त्या ट्रॅफिकचं पॅकेट म्हणजे दीड-दोनशे किलो माल वाहणारा उंट.

आता इथे आपली मंडळी येतात. १९व्या शतकाच्या सुरुवातीला माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, अफू भरपूर पिकायची आणि ती चीनला जायची. कंपनी सरकारला वाटत होतं की हा माल मुंबईवरूनच जावा, म्हणजे कर आपल्याला मिळेल. व्यापारी काय कमी होते? त्यांनी लांबचा वळसा धरला: माळवा, पाली, जैसलमेर, कराची. तिथून जहाजाने पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढे चीन. शेकडो मैल वाळवंट तुडवायचं, पण कंपनीचा कर चुकवायचा. जैसलमेरमधल्या पटव्यांच्या पाच हवेल्या याच शतकातल्या. तिथली नक्षी बघताना 'एवढा पैसा आला कुठून?' हा प्रश्न पडतोच. त्याच्या उत्तरात हा रस्ताही आहे.

१८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. कराची त्यांच्या हातात गेली आणि वळसा बंद झाला. अफू गुमान मुंबईला जायला लागली. पुढे रेल्वे आली, तसं मुंबईचं बंदर फुगत गेलं आणि वाळवंटातले तांडे आटत गेले. १९४७ मध्ये तर रस्त्यावर सीमाच आली. आठशे वर्षांचा हायवे, एकदम डेड एंड! म्हणजे जी मुंबई आपल्याला नोकरी देते, तिच्या भरभराटीत थोडा वाटा या वाळूचाही आहे.

आणि उंट? पशुगणनेनुसार २०१२ मध्ये देशात सुमारे चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. सात वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेले. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं, २०१५ मध्ये कत्तल आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणं यावर बंदी आणली. हेतू चांगला, पण पाळणाऱ्यांची तक्रार अशी की गिऱ्हाईकच उरलं नाही. ज्याला विकता येत नाही आणि ज्याला कामही नाही, त्याला चारा कोण घालणार? काम म्हणाल तर ट्रॅक्टर आणि जीपने ते कधीच काढून घेतलंय. उरलो आपण, सेल्फीवाले.

उतरताना मी चाचांना विचारलं, मुलगाही हेच करतो का? ते हसले. "नहीं साब, वो जीप चलाता है." पर्यटकांनाच फिरवतो, त्याच वाळूत.

मग मी ते दीडशे रुपये काढून दिले. त्यांनी मोजले नाहीत, सरळ खिशात टाकले आणि उंटाला पाणी दाखवायला गेले. दीडशे रुपयांत इतिहास फिरत नाही, हे मलाही कळतं. पण एका दिवसाचा चारा येत असेल, तर ती घासाघीस मी नको होती करायला.

तुम्ही गेलात तर उंटावर जरूर बसा. फक्त बसण्याआधी विचारा, हा रस्ता पूर्वी कुठे जायचा?

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा!