लंडनमध्ये घर कुठे पाहावे? भाड्याच्या आकड्यापलीकडचा हिशेब

गोव्यातील गावागावांत आज लंडनला कोणी ना कोणी आप्त असतोच. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे निघालेल्यांची तयारी व्हिसा, विमानाचे तिकीट आणि सामानाचे वजन यांभोवती फिरते. राहण्याची जागा मात्र पुष्कळदा ओळखीच्या माणसाच्या एका फोनवर ठरते. पहिल्या वर्षाचा खर्च, रोजचा प्रवास, कागदपत्रांची सोय आणि कायद्याचे संरक्षण या चारही गोष्टी त्या एका निर्णयाशी बांधलेल्या असतात. म्हणून भाडे किती, या प्रश्नाबरोबरच त्या जागेत राहण्याचा एकूण खर्च किती, हे आधी ठरवणे हिताचे असते.

आधी वास्तव्याचा हक्क

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देण्यापूर्वी प्रत्येक प्रौढ भाडेकरूला तेथे राहण्याचा हक्क आहे की नाही, हे तपासणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ज्यांचा व्हिसा डिजिटल स्वरूपात आहे, त्यांना त्यासाठी सरकारी संकेतस्थळावरून ‘शेअर कोड’ काढून मालकाला द्यावा लागतो.

गोमंतकीयांच्या बाबतीत येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या नोंदणीतून मिळालेला पोर्तुगीज पासपोर्ट अनेक वर्षे ब्रिटनमध्ये राहण्यास व काम करण्यास पुरेसा होता. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि मुक्त संचाराची मुभा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर प्रथमच तेथे जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकालाही काम करण्यासाठी व्हिसा लागतो. हक्काचा पुरावा नसताना ‘कागद न मागता’ मिळणारी खोली सोय वाटली, तरी अशा जागेत राहणाऱ्याला तक्रार करण्याची सोय उरत नाही.

शहराची रचना

बृहन्लंडनचे क्षेत्रफळ सुमारे १,५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यात सुमारे ९० लाख लोक राहतात. गोव्याच्या २०११ च्या जनगणनेतील १४.५८ लाख लोकसंख्येच्या ही सहापट होय. कारभारासाठी शहराचे ३२ ‘बरो’ आणि ‘सिटी ऑफ लंडन’ असे विभाग आहेत. प्रत्येक विभागाचे स्वतंत्र कौन्सिल असून कचरा, शाळाप्रवेश, घरांचे परवाने आणि कौन्सिल टॅक्स ही कामे तेथूनच चालतात.

प्रवासभाड्यासाठी शहर वर्तुळाकार झोनमध्ये विभागले आहे. मध्यभाग झोन १ असून बाहेर जावे तसा क्रमांक वाढतो. ट्यूब व रेल्वेचे भाडे झोनप्रमाणे आणि गर्दीच्या वेळेप्रमाणे बदलते. बसला मात्र झोन नाहीत. कितीही अंतरासाठी एकच भाडे लागते आणि पहिल्या बसमध्ये कार्ड लावल्यापासून तासाभरात घेतलेल्या पुढील बससाठी वेगळे पैसे पडत नाहीत. थेम्स नदीच्या दक्षिणेस ट्यूबचे जाळे विरळ आहे, तेथील लोकांची भिस्त उपनगरी रेल्वे आणि बसवर असते. स्थानकापासून घर किती दूर, याबरोबरच त्या स्थानकावर कोणती गाडी येते, हेही पाहावे लागते ते यासाठी.

कामाचे ठिकाण, मग मार्ग, मग घर

लंडनमध्ये घर शोधताना नकाशावर प्रथम कामाचे किंवा महाविद्यालयाचे ठिकाण मांडावे. तेथे गाडी न बदलता किंवा फार तर एकदा बदलून पोहोचवणारे मार्ग पाहावेत आणि त्या मार्गांवरच बाहेरच्या दिशेने घर शोधत जावे. २४ मे २०२२ रोजी सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने हा हिशेब बराच बदलला. पश्चिमेकडील साउथहॉल, हेज आणि ईलिंग, तसेच पूर्वेकडील इलफर्ड व रॉमफर्ड ही दूरची उपनगरे शहराच्या मध्याशी थेट जोडली गेली.

हीथ्रो विमानतळावर किंवा त्याच्या परिसरातील गोदामांत, उपाहारगृहांत काम करणाऱ्यांचे गणित वेगळे असते. पहाटेची पाळी पहिल्या ट्यूबच्या आधी सुरू होऊ शकते. रात्रभर धावणारी ट्यूब केवळ शुक्रवार-शनिवारी आणि ठरावीक पाच मार्गांवरच असते. अशा वेळी झोनपेक्षा रात्रीच्या बसचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. हाउन्स्लो, हेज, साउथहॉल या भागांना मागणी असण्याचे हेही एक कारण आहे.

वेळेचाही हिशेब मांडावा. स्वस्त घरामुळे एका बाजूचा प्रवास ४५ मिनिटांनी वाढला, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ३३ तास वाढीव प्रवासात जातात. भाड्यातील बचतीतून वाढीव प्रवासखर्च वजा करून उरलेली रक्कम या ३३ तासांनी भागली, की एका तासाला किती किंमत मिळाली ते कळते. ही रक्कम तासाच्या वेतनाच्या मानाने नगण्य असेल, तर ते घर स्वस्त म्हणता येत नाही.

भाड्याचा खरा आकडा

लंडनच्या जाहिरातींत भाडे कधी आठवड्याचे, तर कधी महिन्याचे लिहिलेले असते. आठवड्याला २०० पौंड म्हणजे महिन्याला ८०० पौंड, असे मानणे चूक आहे. वर्षात ५२ आठवडे असल्याने मासिक भाडे सुमारे ८६७ पौंड होते.

भाड्याशिवाय कौन्सिल टॅक्स ही मोठी बाब असते. घरांचे १ एप्रिल १९९१ च्या किमतीनुसार ‘ए’ ते ‘एच’ असे गट पाडलेले आहेत आणि प्रत्येक कौन्सिलचा दर वेगळा असतो. वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्सवर्थ येथील दर कमी, तर किंग्स्टन आणि क्रॉयडन येथील दर चढे आहेत. घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास हा कर माफ असतो. घरात एकच प्रौढ राहत असल्यास २५ टक्के सूट मिळते. विद्यार्थ्यांच्या घरात एक नोकरदार राहायला आला, की संपूर्ण माफी जाते. हे एकत्र घर घेणाऱ्या मित्रांनी आधीच ठरवून घ्यावे.

तिसरी बाब घर उबदार ठेवण्याची. घराच्या ऊर्जाक्षमतेचे प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, ‘ए’पासून ‘जी’पर्यंत श्रेणी देते आणि भाड्याच्या घराला, काही अपवाद वगळता, किमान ‘ई’ श्रेणी असावी लागते. ‘सी’ आणि ‘ई’ यांतला फरक हिवाळ्याच्या गॅसबिलात दिसतो. वीज, गॅस, पाणी आणि इंटरनेट भाड्यात धरले आहे काय, आणि धरले असल्यास वापरावर मर्यादा आहे काय, हे लेखी घ्यावे.

आपल्या माणसांत की त्यांच्यापासून दूर?

लंडनमधील भारतीय वस्ती एकजिनसी नाही. साउथहॉलला पंजाबी, वेम्बली आणि हॅरोला गुजराती, तर ईस्ट हॅमला दक्षिण भारतीय लोकांचा मोठा वावर आहे. गोमंतकीय साउथहॉल, हाउन्स्लो, वेम्बली या भागांत आढळतात. लंडनच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील स्विंडन शहरातही त्यांची मोठी वस्ती आहे. स्विंडनहून रेल्वेने लंडनचे पॅडिंग्टन स्थानक तासाभरावर असले, तरी रोजच्या ये-जा करण्याचे भाडे बरेच महाग पडते. मराठी माणसांचे जुने ठिकाण म्हणजे १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ. त्याची वास्तू वायव्य लंडनमधील डॉलिस हिल येथे आहे.

ओळखीच्या वस्तीत पहिले दिवस सोपे जातात. कामाची माहिती, आजारपणात मदत, ओळखीचे जेवण आणि आपली भाषा यांचे मोल मोठे आहे. तथापि तेथील खोल्या ओळखीने दिल्या जात असल्याने व्यवहार तोंडी होतात. लेखी करार नाही, नावावर कोणतेही बिल नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. आणि पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून अनेक बँकांत खाते उघडण्यास अडचण, अशी साखळी तयार होते. फॅमिली डॉक्टरकडे नोंदणीसाठी मात्र पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, हे लक्षात ठेवावे.

येथे कायद्यातील एक भेद जाणून घ्यावा. मालक स्वतः राहत असलेल्या घरात, त्याच्याच स्वयंपाकघराचा व न्हाणीघराचा वापर करत खोली घेणारा ‘लॉजर’ ठरतो. स्वतंत्र भाडेकरूला मिळणारे बरेच संरक्षण त्याला मिळत नाही. त्याची अनामत रक्कम संरक्षण योजनेत ठेवण्याची सक्ती मालकावर नसते आणि वाजवी सूचना देऊन त्याला घर सोडण्यास सांगता येते. ओळखीच्या घरात राहणे गैर नव्हे. परंतु भाडे, अनामत, सूचनेचा कालावधी आणि नाव-पत्ता असलेला एक पानी करार मागण्यात संकोच बाळगू नये. भाडे बँकेमार्फत द्यावे, रोख दिल्यास पावती घ्यावी.

गर्दीबाबतही नियम आहेत. एकाहून अधिक कुटुंबांतील पाच वा अधिक व्यक्ती स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामायिक वापरत असतील, तर त्या घराला कौन्सिलचा परवाना लागतो. अशा घरात एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांच्या खोलीचे १०.२२ चौरस मीटर असावे लागते. परवान्यांची नोंदवही कौन्सिलकडे पाहता येते.

अनामत आणि करार

वार्षिक भाडे ५०,००० पौंडांहून कमी असल्यास अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. जागा राखून ठेवण्यासाठी फार तर एका आठवड्याचे भाडे घेता येते. आठवड्याला २०० पौंड भाडे असल्यास या मर्यादा अनुक्रमे १,००० आणि २०० पौंड होतात. स्वतंत्र भाडेकरूची अनामत ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवून तशी माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरार करून देण्याचे किंवा चौकशीचे वेगळे शुल्क भाडेकरूकडून घेण्यास मनाई आहे.

भाडेकरूंच्या हक्कांविषयीचा नवा कायदा २०२५ मध्ये संमत झाला. त्यातील मुख्य तरतुदी इंग्लंडमध्ये लागू होण्याची तारीख १ मे २०२६ ही आहे. त्यांनुसार ठरावीक मुदतीचे भाडेकरार बंद होऊन भाडेकरूला दोन महिन्यांची सूचना देऊन घर सोडता येते, कारण न देता घर रिकामे करून घेता येत नाही आणि करार करताना एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागता येत नाही. लॉजर आणि विद्यापीठांची वसतिगृहे यांना हे नियम त्याच रीतीने लागू नाहीत.

पाहणी केव्हा आणि कशी

जागा न पाहता पैसे पाठवणे हा सर्वांत मोठा धोका होय. मालक परदेशात आहे, किल्ली टपालाने येईल, आज पैसे न दिल्यास जागा जाईल, ही फसवणुकीची ठरीव भाषा आहे. स्वतः जाणे शक्य नसल्यास विश्वासातील माणसाला पाठवावे.

पाहणी शक्यतो दोन वेळा करावी, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या आधीच सूर्यास्त होतो. कामावरून परतताना स्थानकापासूनची वाट अंधारातच चालावी लागते. कपाटांच्या मागे, खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि न्हाणीघराच्या छताला काळी बुरशी आहे काय, ते पाहावे. गोव्यातील पावसाळ्याची ओल वारा सुटला की ओसरते. तेथे थंडीमुळे खिडक्या बंद, कपडे घरातच वाळत घातलेले, त्यामुळे ओल भिंतीत मुरते.

हाउन्स्लो परिसरात विमानांचा आवाज ऐकून घ्यावा. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्यांचा वापर दुपारी तीन वाजता आलटून-पालटून बदलतो. सकाळी शांत वाटलेले घर सायंकाळी विमानांच्या मार्गाखाली असू शकते.

मुले असतील तर शाळा आधी पाहाव्यात. सरकारी शाळा विनाशुल्क असतात. परंतु मागणी असलेल्या शाळांत प्रवेश देताना घरापासूनचे अंतर हा महत्त्वाचा निकष असतो. एक रस्ता अलीकडे-पलीकडे झाल्यानेही प्रवेश हुकू शकतो. शाळांचे तपासणी अहवाल ‘ऑफस्टेड’ या सरकारी संस्थेकडे सर्वांसाठी खुले आहेत.

निघण्यापूर्वी

पहिले तीन-चार आठवडे वसतिगृहात, नातेवाइकांकडे किंवा अल्पमुदतीच्या खोलीत काढण्याची सोय आधी करावी आणि त्या काळात कायमची जागा शोधावी. पहिल्या महिन्याचे भाडे, पाच आठवड्यांची अनामत आणि तात्पुरत्या निवासाचा खर्च एवढी रक्कम हाताशी असावी. शिक्षणपत्र किंवा नोकरीचे पत्र, शेअर कोड आणि वेतनाचा तपशील एका ठिकाणी ठेवावा. अनेक एजंट मासिक भाड्याच्या सुमारे तीसपट वार्षिक उत्पन्न किंवा ब्रिटनमधील जामीनदार मागतात. नातेवाइकाने सुचवलेली जागा पसंत पडली, तरी घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत. घराचा मालक कोण, घर सोडण्यासाठी सूचना किती दिवसांची, आणि अनामत कोणाकडे राहणार? ही उत्तरे मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.